देणाऱ्याची चिकाटी आणि घेणाऱ्याची जबाबदारी

फुकट दिलेली वस्तू कोणीही हसतमुखाने घेईल, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मोल मागितले तर घेणारा दहा वेळा पारखून पाहील. परंतु मोबदल्याची अपेक्षा न धरता, केवळ लोकांच्या उपयोगी पडावे या हेतूने कोणी आपले श्रम पुढे केले, तर ते नाकारण्याचे कारणच काय, असे आपण विचारतो. आणि ते नाकारले गेले, तर नाकारणारा गर्विष्ठ किंवा कृतघ्न असला पाहिजे, असा निकालही तत्काळ देऊन मोकळे होतो. हा समज कितपत बरोबर आहे, याचा विचार करण्यास आजच्या काळातील एक फार मोठे उदाहरण उपलब्ध आहे. ते म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीचे. विद्यार्थिमित्रांपैकी पुष्कळांना संगणकाची गोडी आहे. ज्यांना ती नाही, त्यांनीही हा लेख पुढे वाचावा, कारण यातील मुख्य प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे.

संगणकातील निरनिराळ्या कार्यक्रमांना यंत्राची शक्ती वाटून देणारी आणि त्या सर्वांवर देखरेख ठेवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने अशा व्यवस्थेचा गाभा स्वतः लिहिला आणि तो जगापुढे खुला ठेवला. पुढच्याच वर्षी त्याने तो अशा परवान्याखाली आणला की, कोणीही तो वाचावा, बदलावा, इतरांना द्यावा. मात्र देताना आपल्याला मिळालेले स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यावे. या एका अटीवर हजारो माणसांनी त्यात भर घातली. आज त्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. आपल्या हातातील अँड्रॉइड फोन त्याच्यावरच चालतो. आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीतील पाचशेच्या पाचशे यंत्रे लिनक्सवर चालणारी होती. यात काम करणारे पुष्कळ जण आज कंपन्यांचे पगारी नोकर आहेत, हे खरे. परंतु स्वतःच्या फावल्या वेळात, कोणाच्याही सांगण्यावाचून काम करणाऱ्यांची परंपराही सुरुवातीपासून चालत आली आहे.

अशा प्रणालीत सुधारणा सुचवायची ती ‘पॅच’ या स्वरूपात. पॅच या शब्दाचा अर्थ ठिगळ. पण आपल्याला तो शुद्धिपत्राच्या उपमेने अधिक चांगला कळेल. जुन्या ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र जोडलेले असे. अमुक पृष्ठ, अमुक ओळ, अशुद्ध काय आणि शुद्ध काय, एवढेच त्यात असे. सबंध ग्रंथ पुन्हा छापावा लागत नसे. पॅचमध्येही तेच असते. कोणत्या फायलीतील कोणत्या ओळी वगळायच्या व त्यांच्या जागी कोणत्या घालायच्या, याची ती यादी होय. असे शुद्धिपत्र मूळ ग्रंथाला आपोआप लावणारा ‘पॅच’ नावाचा कार्यक्रम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला.

शुद्धिपत्र तयार करणे सोपे. ते मूळ ग्रंथात समाविष्ट करून घेणे मात्र अवघड. लिनक्सच्या प्रत्येक विभागाला एक वा अधिक सांभाळकर्ते नेमलेले आहेत. पॅच त्यांच्याकडे पाठवावयाचा, आणि तोही सर्वांना वाचता येईल असा उघडपणे. त्यासोबत बदल काय केला हे सांगून भागत नाही, तो का केला हे साध्या शब्दांत लिहावे लागते. खाली आपले नाव घालून, हे काम देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशा अर्थाची ग्वाही द्यावी लागते. ही रीत २००४ साली सुरू झाली. मग तपासणारे दोष दाखवितात. दोष दुरुस्त करून दुसरी प्रत पाठवावयाची, मग तिसरी, मग चौथी. सांभाळकर्त्याचे समाधान झाले म्हणजे तो पॅच त्याच्या संग्रहात जातो, तेथून इतरांच्या नव्या कामासोबत एकत्र तपासला जातो, आणि शेवटी टोरवाल्ड्स यांच्याकडे पोहोचतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यांतील पहिले दोन आठवडे नवे काम घेण्याचे; पुढचे सुमारे सात केवळ दोष काढण्याचे. ज्याची वेळ चुकली, त्याने पुढच्या फेरीची वाट पाहावी.

एवढी कडक शिस्त कशासाठी? आमच्या मते याचे उत्तर एका साध्या व्यवहारात आहे. दान मिळालेली गाय दुसऱ्या दिवसापासून वैरण मागते. देणारा पुण्य घेऊन घरी जातो. गोठा झाडण्याचे काम घेणाऱ्याच्या वाट्याला राहते. संगणकाच्या प्रणालीत घेतलेली प्रत्येक ओळ पुढे वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. शेजारची ओळ बदलली की तीही तपासावी लागते, नवे यंत्र बाजारात आले की तिची पुन्हा परीक्षा होते, आणि ज्याने ती लिहिली तो तोवर दुसऱ्याच उद्योगाला लागलेला असू शकतो. म्हणून सांभाळकर्ता जेव्हा पॅच परत पाठवितो, तेव्हा तो देणाऱ्याच्या हेतूवर शंका घेतोच असे नाही. या ओळींचे पाच वर्षांनी काय होईल, हा त्याच्यापुढील प्रश्न असतो.

शिवाय सर्वांचेच हेतू शुद्ध असतात, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेली एक घटना या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. फायली दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन लिनक्सवर आधारलेल्या बहुतेक प्रणालींत असते. ते एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम देऊन त्याचा विश्वास संपादन केला, स्वतः सहसांभाळकर्ता होऊन बसली, आणि मग त्यात एक चोरदरवाजा लपविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या हे लक्षात आले, ते केवळ दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागू लागला म्हणून. त्या अर्ध्या सेकंदाची त्याने उपेक्षा केली असती, तर असंख्य यंत्रांची दारे परक्याच्या हाती गेली असती. तेव्हा परीक्षा ही अपमान करण्यासाठी नसते. दारावर पहारा असावा लागतो म्हणून ती असते.

आता या पहाऱ्यातून आत गेलेल्या एका पॅचची कथा पाहू. ऑक्टोबर २००४ मध्ये इंगो मोल्नार यांनी ‘प्रीएम्प्ट-आरटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामाला आरंभ केला. पुढे थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रोस्टेट आणि इतर मंडळींनी ते चालविले. लिनक्सला वेळेचा वक्तशीर करावे, हा त्यांचा हेतू होता. येथे वेग आणि वक्तशीरपणा यांतील भेद ध्यानात घ्यावा. कारखान्यातील यंत्राचा हात ठराविक क्षणी थांबलाच पाहिजे. तो एरवी कितीही चपळ असला आणि एकदाच उशिरा थांबला, तरी अनर्थ होतो. सामान्य लिनक्समध्ये काही कामे अशी होती की, ती एकदा सुरू झाली म्हणजे अधिक निकडीच्या कामालाही वाट देत नसत. एका अरुंद साकवावर बैलगाडी असावी आणि मागे रुग्णवाहिका खोळंबावी, तसा हा प्रकार. या पॅचने बहुतेक ठिकाणी निकडीच्या कामाला पुढे जाण्याची सोय केली. जेथे ते शक्यच नव्हते, तेथे साकवावरील बैलगाडीलाच रुग्णवाहिकेचा मान तेवढ्यापुरता दिला, म्हणजे वाटेत तिला कोणी अडवू नये आणि साकव लवकर मोकळा व्हावा.

ही कल्पना चांगली होती. पण ती प्रणालीच्या मुळाशीच हात घालणारी होती. गाभ्यातील कुलुपे, घड्याळे, बाहेरून येणाऱ्या सूचनांची व्यवस्था, या सर्वांत बदल करावे लागणार होते. असा अवजड बदल एकदम कोणीही स्वीकारला नसता, आणि स्वीकारू नये हेच योग्य होते. या मंडळींनी रागावून काम टाकून दिले नाही, आणि सबंध काम एकदम घ्या असा हट्टही धरला नाही. त्यांनी मोठ्या पॅचचे लहान लहान भाग केले. प्रत्येक भाग असा घडविला की, ज्याला वक्तशीरपणाशी काही कर्तव्य नाही त्यालाही तो उपयोगी वाटावा. २००६ साली कुलुपांचा एक नवा प्रकार गाभ्यात गेला. २००७ मध्ये सूक्ष्म वेळ मोजणारी घड्याळे गेली. २००८ मध्ये आतील घडामोडींचा माग काढणारे एक साधन गेले. २००९ मध्ये बाहेरील सूचना हाताळण्याची नवी पद्धत गेली. बाहेर राहिलेले शुद्धिपत्र असे भागाभागाने आत जात होते. दरम्यान मूळ प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की, उरलेला भाग तिच्याशी पुन्हा जुळवून घ्यावा लागे. हे काम तर कोणाच्या नजरेतही भरत नसे.

शेवटचा अडथळा मोठा विलक्षण होता. प्रणाली आपल्या आतील घडामोडींचे जे संदेश लिहिते, ते लिहिण्याच्या व्यवस्थेतच सर्वांना थांबवून धरण्याची खोड होती. ती व्यवस्था कित्येक वर्षे खपून नव्याने बांधावी लागली. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्ना येथे ग्लाइक्सनर यांनी स्वीकाराची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी निघालेल्या ६.१२ या आवृत्तीत तो पॅच समाविष्ट झाला. आरंभापासून वीस वर्षे लोटली होती. आरंभी जन्मलेले मूल तोवर महाविद्यालयात पोहोचले होते!

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण येथे सहज आठवते. पण आम्ही विद्यार्थ्यांना सावध करू इच्छितो की, या कथेतून केवळ चिकाटीचे गोडवे काढणे हे अर्धसत्य ठरेल. वीस वर्षे लागली ती सर्वच्या सर्व परीक्षेत गेली नाहीत; काही वर्षे दारिद्र्यात गेली. उद्योगधंद्यांत या पॅचचा उपयोग चालू असताना त्याच्या कामासाठी लागणारा पैसा मात्र आटत गेला, आणि २०१४ साली ग्लाइक्सनर यांना जाहीरपणे सांगावे लागले की, यापुढे हे काम आपण केवळ हौस म्हणून, जमेल तेवढेच करू. त्यानंतर २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनने काही कंपन्यांच्या साहाय्याने या कामासाठी स्वतंत्र प्रकल्प उभारला, तेव्हा त्याला गती आली. स्वयंसेवकाच्या निष्ठेचे कौतुक करावे; परंतु त्या कौतुकाच्या आड आपला हिशेब चुकविणाऱ्यांना लपू देऊ नये. विहीर सर्वांची असेल, तर गाळ काढण्याची पाळीही सर्वांची असली पाहिजे.

दुसरी कथा अशी सुखान्त नाही. कॉन कोलिव्हास हे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला भूल देणे हा त्यांचा व्यवसाय. प्रोग्रॅमिंग ते स्वतःच्या हौसेने शिकले. घरी संगणक वापरणाऱ्या सामान्य माणसाला गाणे ऐकताना खंड पडू नये, माउस अडखळू नये, या तळमळीने त्यांनी अनेक वर्षे पॅचेस लिहिले आणि सांभाळले. मोठमोठ्या यंत्रांच्या चिंतेत साध्या वापरणाऱ्याकडे दुर्लक्ष होते, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राचा वेळ सर्व कामांत न्याय्य रीतीने वाटण्याची त्यांची योजना २००७ च्या सुमारास बरीच चर्चिली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोल्नार यांनी, म्हणजे वर उल्लेख केलेल्या त्याच गृहस्थांनी, न्याय्य वाटपाच्याच तत्त्वावर स्वतःची निराळी योजना लिहिली. त्या वेळी कोलिव्हास यांच्या कामाचे ऋण त्यांनी मान्य केले; पण गाभ्यात गेली ती मोल्नार यांचीच योजना. ती ऑक्टोबर २००७ च्या आवृत्तीत आली. त्याआधीच जुलैमध्ये कोलिव्हास यांनी गाभ्याचे काम सोडल्याचे जाहीर केले होते.

या निर्णयाच्या दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. दोष सांगत येणाऱ्या वापरणाऱ्यांशी पुढे अनेक वर्षे कोण धीराने वागेल, हाही योजना निवडताना पाहावयाचा मुद्दा आहे, असे टोरवाल्ड्स यांनी मांडले होते. हा मुद्दा क्षुद्र नाही. वैरणीचा जो प्रश्न आम्ही वर मांडला, तोच हा. परंतु ज्याने अनेक वर्षे एक विचार लावून धरला, तो विचार पटला म्हणून घेतला जातो आणि विचार मांडणारा मात्र दाराबाहेर राहतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचाही विचार दाराच्या आतील माणसांनी करावयाचा असतो. आमचे मत असे की, निर्णय समर्थनीय असला तरी त्यामुळे झालेली हानी नाकारता येत नाही. ती हानी एका माणसापुरतीही नव्हती. तज्ज्ञ नसलेला, बाहेरच्या व्यवसायातून आलेला माणूससुद्धा येथे काही देऊ शकतो, या विश्वासालाच तिचा धक्का बसला. कोलिव्हास २००९ मध्ये नवी योजना घेऊन परतले. पण ती मूळ गाभ्यात घ्यावी अशी मागणी त्यांनी पुन्हा केली नाही. ज्यांना हवी त्यांनी ती वापरावी, या वृत्तीने त्यांनी २०२१ पर्यंत ते काम चालविले आणि मग थांबविले.

यावरून आमचा निष्कर्ष असा आहे. दान देण्याने स्वीकाराचा हक्क उत्पन्न होत नाही. पण स्वीकार नाकारण्याने उद्धटपणाचाही हक्क उत्पन्न होत नाही. देणाऱ्यावर तीन कर्तव्ये आहेत: आपले काम दुसऱ्याला उचलता येईल एवढ्या लहान भागांत देणे, त्याचे कारण सांगणे, आणि दिल्यानंतर निघून न जाणे. घेणाऱ्यावरही तीन आहेत: वेळेवर उत्तर देणे, नकाराचे खरे कारण सांगणे, आणि कामाचा दोष माणसाच्या माथी न मारणे. या शेवटच्या कर्तव्यात लिनक्सच्या मंडळींकडून फार काळ कसूर होत होती. स्वतः टोरवाल्ड्स यांची कठोर भाषा प्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या अशा वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे कामापासून दूर राहिले, आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. परीक्षा कडक ठेवण्यासाठी जीभ कडू ठेवावी लागत नाही, हे इतक्या कर्तबगार माणसालाही शिकावे लागले. यात आपल्या सर्वांना बोध आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट तुमच्यापासून दूरची नाही. या वार्षिकासाठी लेख येतात, त्यांतील काही दुरुस्तीसाठी परत जातात. परत आलेल्या लेखाकडे पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक, माझी कदर झाली नाही म्हणून तो दप्तराच्या तळाशी ढकलणे. दुसरा, समासातील प्रत्येक खूण वाचून, पटेल ती दुरुस्ती करणे आणि न पटेल तेथे नम्रपणे कारण विचारणे. कारण विचारण्याचा तुमचा हक्क आम्हा शिक्षकांनीही मान्य केला पाहिजे. नुसती लाल रेघ ओढून वही परत करणारा शिक्षक आपले अर्धेच काम करतो.

आणि प्रत्यक्ष त्या मोठ्या जगातही तुमच्यासाठी जागा आहे. लिनक्सवर आधारलेल्या बहुतेक प्रणालींत ‘ग्लिबसी’ नावाचा एक पायाभूत संग्रह असतो. त्यात निरनिराळ्या भाषांसाठी वारांची व महिन्यांची नावे, तारीख आणि चलन लिहिण्याची रीत नोंदविणाऱ्या लहान लहान फायली आहेत. मराठीसाठी अशी एक आहे आणि कोंकणीसाठीही एक आहे. ज्यांच्या घरी कोंकणी आणि शाळेत मराठी, अशा आमच्यासारख्यांना ही नोंद मोठी वाटावी, यात नवल नाही. उद्या त्यातील एखादा शब्द तुम्हाला आपल्या भाषेच्या वळणाशी विसंगत वाटला, तर परक्यांनी आपली भाषा बिघडविली म्हणून ओसरीवर बसून हळहळण्याने तो सुधारणार नाही. तो कोठे आहे ते शोधा, शुद्ध रूप कोणते ते वडीलधाऱ्यांना विचारून आणि कोश पाहून ठरवा, आपले कारण चार सरळ वाक्यांत लिहा, आणि ते पाठवून द्या. कदाचित ते परत येईल. कदाचित कोणी विचारील की, दक्षिणेकडील गावांत निराळे रूप चालते त्याचे काय? हा प्रश्न तुमचा अपमान करणारा नाही. तुम्ही जेवढ्यांच्या वतीने बोलता आहात त्यांहून अधिक लोक त्या शब्दावर अवलंबून आहेत, एवढीच त्याने करून दिलेली ती आठवण आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आणखी चार घरी विचारावे लागले, तर तेवढीच आपली भाषा तुम्हाला अधिक कळेल, आणि पुढच्या वेळी पाठविलेला कागद पहिल्याहून भक्कम असेल.